कुरणातलं विमान

टेक्सासच्या मध्यभागी, ऑस्टिन शहराच्या पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटरवर, पेडर्नेलेस नावाच्या लहानशा नदीकाठी गुरांचं एक रँच आहे. आजूबाजूला चुनखडीच्या टेकड्या, ओकची झाडं, तारेची कुंपणं आणि पांढऱ्या तोंडाची तांबडी हेरफर्ड गुरं. याच कुरणातून एक जुनी डांबरी धावपट्टी जाते. तिच्या कडेला हँगर आहे आणि हँगरसमोर उघड्यावर चार इंजिनांचं एक छोटं पांढरं-निळं जेट विमान उभं आहे. त्याच्या अंगावर ‘युनायटेड स्टेट्स ऑफ अमेरिका’ अशी ठळक अक्षरं आहेत. रँच अमेरिकेचे 36वे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांचं, आणि विमान लॉकहीड कंपनीनं बनवलेलं जेटस्टार. जॉन्सन त्याला गमतीनं ‘एअर फोर्स वन-हाफ’, म्हणजे अर्ध्या मापाचं अध्यक्षीय विमान म्हणत. आता हे रँच राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे, हँगरमध्ये पाहुण्यांसाठी माहिती केंद्र आहे, आणि गुरं बघायला आलेली माणसं विमानही बघून जातात. गोठा आणि ओक यांच्यामध्ये हे विमान कुणाला उपरं वाटेल, अशा वस्तूंची जागा मोठ्या शहरातल्या विमान संग्रहालयात असते असंही वाटेल. मला मात्र वाटतं, या सबंध रँचवर सर्वांत खरं बोलणारी वस्तू कुठली असेल तर ती हे विमान आहे, आणि ते दुसरीकडे कुठे नेलं तर दोन्ही ठिकाणांचं नुकसान होईल.

हे पटवायचं तर आधी विमान बाजूला ठेवून नुसत्या रँचकडे बघायला हवं. तिथली मांडणी फार परिणामकारक आहे. जॉन्सन यांचा जन्म 1908 साली याच नदीकाठी झाला. जन्मघराच्या जागी पुन्हा उभारलेलं घर, ज्या एका खोलीच्या शाळेत त्यांनी पहिली अक्षरं गिरवली ती जंक्शन शाळा, घराण्याची दफनभूमी आणि त्यांचं राहतं दगडी घर, हे सगळं एकाच रस्त्यावर थोड्याथोड्या अंतरानं येतं. त्या शाळेच्या आवारात त्यांनी 11 एप्रिल 1965 रोजी शालेय शिक्षणाला केंद्राचा मोठा निधी देणाऱ्या कायद्यावर सही केली, तेव्हा शेजारी त्यांच्या बालपणच्या शिक्षिका बसल्या होत्या. अमेरिकी संसदेचे (काँग्रेसचे) तरुण सदस्य असताना, 1930 च्या दशकाच्या अखेरीस, त्यांनी या डोंगराळ भागात सहकारी तत्त्वावर वीज आणण्यासाठी धडपड केली होती. कंदिलाच्या उजेडात संसार करणाऱ्या बायकांचे कष्ट त्यामुळे हलके झाले, हे कुणी नाकारू शकत नाही. या गोष्टी खऱ्या आहेत. पण एवढंच बघून परतणाऱ्या माणसाच्या मनात जे चित्र तयार होतं ते असं: मातीतला माणूस मोठा झाला, आणि मोठा झाल्यावरही मातीशी धरून राहिला. दमला की गावी यायचा, गुरांमध्ये रमायचा. आपल्याकडेही पुढाऱ्याचे स्वतःच्या शेतातले, डोक्याला मुंडासं बांधलेले फोटो छापून येतात, त्यामुळे हे चित्र ओळखायला मराठी वाचकाला वेळ लागणार नाही.

या चित्राला छेद देतं ते विमान. अध्यक्षांसाठी 1962 पासून वापरात आलेलं मोठं बोइंग 707 सुमारे 153 फूट लांब. भरल्या टाक्यांनिशी त्याचं वजन दीडशे टनांच्या आसपास जातं. रँचवरची धावपट्टी 6,300 फुटांची होती. खासगी धावपट्टी म्हणून ती दांडगीच म्हणायची, पण असल्या विमानाचा भार रोजच्या रोज सोसण्यासाठी ती बांधलेली नव्हती. म्हणून वॉशिंग्टनहून येणारं मोठं विमान ऑस्टिनजवळच्या बर्गस्ट्रॉम या हवाई दलाच्या तळावर उतरे, आणि तिथून अध्यक्ष हेलिकॉप्टरनं किंवा जेटस्टारनं रँचवर येत. जेटस्टारची लांबी 60 फुटांच्या आसपास आणि वजन मोठ्या विमानाच्या आठव्या हिश्शाएवढं. कर्मचारी सोडले तर आत जेमतेम आठ-दहा माणसं बसतात. सप्टेंबर 1957 मध्ये त्याचं पहिलं उड्डाण झालं, आणि हवाई दलानं पुढे तशी सोळा विमानं घेतली. त्यातली काही महत्त्वाच्या व्यक्तींच्या प्रवासासाठी खास सजवलेली होती.

या जातीच्या विमानाजवळ उभं राहिलं की पहिल्यांदा नजरेत भरतात त्या पंखांना मध्यावर पोटाशी धरल्यासारख्या बसवलेल्या इंधनाच्या दोन लांबट टाक्या. शेपटीशी, खिडक्यांच्या ओळीच्या मागे, दोन-दोनच्या जोडीनं चार इंजिनं बसवलेली आहेत. एवढ्याशा विमानाला चार इंजिनं हे प्रमाण आज अजब दिसतं. त्या काळच्या छोट्या जेट इंजिनांची ताकद बेताची होती, म्हणून ती संख्येनं भरून काढलेली. शेपटीच्या उभ्या पंखाच्या बुडाशी रंग न दिलेला धातूचा एक पट्टा दिसतो, आणि तो मला या यंत्रातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. विमानाचं नाक वर-खाली साधण्यासाठी बहुतेक विमानांत शेपटीचा फक्त आडवा पंख हलतो. इथे अख्खा उभा पंखच आडव्यासकट किंचित पुढेमागे कलतो, आणि जिथे तो सरकतो तिथे रंग टिकणार नाही म्हणून धातू उघडा ठेवलेला आहे. हे विमान शोभेसाठी घडवलेलं नाही, राबवण्यासाठी घडवलेलं आहे, हे त्या एका पट्ट्यावरून कळतं. ते राबलंही. नोव्हेंबर 1963 ते जानेवारी 1969 या आपल्या कारकिर्दीतला जवळपास चौथा हिस्सा जॉन्सन यांनी या रँचवर काढला, आणि वृत्तपत्रं या घराला ‘टेक्सासचं व्हाइट हाउस’ म्हणू लागली.

चौथा हिस्सा म्हणजे सुट्टी नव्हे. घरात तीन टीव्ही शेजारी शेजारी ठेवलेले, कारण तेव्हाच्या तिन्ही मोठ्या वाहिन्यांच्या बातम्या अध्यक्षांना एकाच वेळी बघायच्या असत. जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या जागेवर हाताशी फोन असे. आवारात गुप्तरक्षकांची चौकी आणि संदेशवहनाची यंत्रणा उभी होती. हँगरमध्ये पत्रकार परिषदा होत. अंगणातल्या एका मोठ्या ओकखाली खुर्च्या टाकून मंत्र्यांबरोबर बैठका चालत, आणि त्या झाडाला आजही ‘कॅबिनेट ओक’ म्हणतात. झाडाखालची बैठक फोटोत फार साधी दिसते. पण त्या खुर्च्यांवर बसलेली माणसं वॉशिंग्टनहून दोन हजारांहून अधिक किलोमीटर उडत आलेली होती, आणि बैठक संपली की संध्याकाळी परत उडत जाणार होती. डिसेंबर 1965 मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनामारा रँचवर आले. उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक काही काळ थांबवावी, असं त्यांनी सुचवलं. त्या नाताळात बॉम्बफेक थांबली आणि महिनाभरानं पुन्हा सुरू झाली. ओक, गुरं आणि नदी पाहून या बोलण्याचा अंदाज कुणाला येणार? धावपट्टी आणि तिच्या कडेचं विमान दिसलं की मात्र तो येऊ लागतो. राज्ययंत्रणा इथे येत होती, कशानं येत होती, आणि किती सहज येत होती, ते समोर उभं असतं.

या ओघात भारताचा धागाही येतो, आणि तो बारीक नाही. 1965 आणि 1966 अशी सलग दोन वर्षं आपल्याकडे पावसानं दगा दिला. बिहारमध्ये तर दुष्काळ पडला. 1966 साली देशानं सुमारे एक कोटी टन धान्य आयात केलं आणि त्यात मोठा वाटा पीएल-480 या अमेरिकी कायद्याखाली येणाऱ्या धान्याचा होता. जॉन्सन यांनी या मदतीची दोरी आखूड ठेवली. वर्षाचा करार एकदम करायचा नाही, थोडं थोडं धान्य मंजूर करायचं, आणि प्रत्येक मंजुरी स्वतः तपासून द्यायची, असं त्यांचं धोरण होतं. भारतानं शेतीवर जास्त पैसा घालावा, खत आणि बियाणं यांची धोरणं बदलावीत, हा त्यामागचा उघड हेतू. व्हिएतनाममधल्या बॉम्बफेकीवर भारत करत असलेल्या टीकेचा रागही त्यात मिसळलेला होता. 1965 च्या शरद ऋतूत पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर जॉन्सन रँचवर विश्रांती घेत होते, त्याच सुमारास त्यांचे कृषिमंत्री ऑर्व्हिल फ्रीमन आणि आपले अन्नमंत्री सी. सुब्रमण्यम यांच्यात रोममध्ये शेती-सुधारणांचा समझोता झाला. पुढच्या वर्षी, 1966 च्या उत्तरार्धात, नव्या धान्याची मंजुरी त्यांनी कित्येक आठवडे लांबवली. त्या नोव्हेंबरातही आणखी एका शस्त्रक्रियेनंतर ते रँचवरच होते. इकडे मुंबई बंदरात गव्हाचं पुढचं जहाज कधी लागणार याचा हिशोब सरकार आठवड्यांच्या मापानं करत होतं. रेशनच्या दुकानातली लाल मिलो ज्वारी महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला अजून आठवते. मिलो हे टेक्सास आणि आसपासच्या मैदानी राज्यांत मोठ्या प्रमाणावर पिकणारं धान्य. ज्या माणसाच्या होकारावर त्या धान्याची जहाजं अडत किंवा सुटत, त्याच्या टेबलापर्यंत कागद कसे पोहोचत असतील, याचं उत्तर जेटस्टारसारख्या विमानांत आणि अंगणातल्या फोनच्या तारांत आहे. त्या धोरणानं हरितक्रांतीला बळ दिलं असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि भुकेल्या देशाला ताटकळत ठेवणं हा अपमान होता असं म्हणणारेही आहेत. माझा कल दुसऱ्या बाजूला आहे. पण कुठलीही बाजू घेतली तरी एवढं मान्य करावं लागतं की, त्या दोन वर्षांत आपल्या ताटातल्या भाकरीचा आणि या कुरणातल्या धावपट्टीचा संबंध होता.

या धावपट्टीची किंमत माणसांनीही मोजली. फेब्रुवारी 1961 मध्ये, जॉन्सन नुकतेच उपाध्यक्ष झाले असताना, त्यांना आणण्यासाठी ऑस्टिनहून निघालेलं कॉन्व्हेअर विमान रात्रीच्या धुक्यात आणि खाली उतरलेल्या ढगांत रँचजवळच्या टेकडीवर आदळलं. दोन्ही वैमानिक ठार झाले. वैमानिकांवर निघण्यासाठी किती दबाव होता याबद्दल नंतर बरंच लिहिलं गेलं. इथे एवढंच बघू की गावच्या घरी राहून राज्य चालवण्याची हौस दुसऱ्यांनी पेलायची असते. वैमानिक, दुरुस्ती करणारे तंत्रज्ञ, इंधन भरणारे आणि रात्री-बेरात्री धावपट्टीचे दिवे लावणारे यांच्या जिवावर आणि झोपेवर ती चालते. ओकखालच्या फोटोत ही माणसं नसतात. विमानाशेजारी उभं राहिल्यावर त्यांचा विचार टाळता येत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. विमानांच्या इतिहासात रस असणारा माणूस पहिल्यांदा म्हणेल की, जॉन्सन यांचं खरं ऐतिहासिक विमान हे नव्हेच. 22 नोव्हेंबर 1963 रोजी केनेडींच्या हत्येनंतर डलासच्या लव्ह फील्ड विमानतळावर न्यायाधीश सारा ह्यूज यांनी त्यांना शपथ दिली ती 26000 क्रमांकाच्या बोइंग 707 मध्ये. ते विमान 1998 पासून ओहायो राज्यात डेटन इथल्या हवाई दलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. रेमंड लोवी यांनी घडवलेली त्याची निळी-पांढरी सजावट जगभर ओळखली जाते. त्यापुढे जेटस्टार म्हणजे ताफ्यातलं दुय्यम वाहन, असा हा मुद्दा आहे. तो नेमका आहे, पण तो ‘ऐतिहासिक’ या शब्दाला एका घटनेपुरतं बांधून टाकतो. ‘एअर फोर्स वन’ हे नाव मुळात कुठल्याही एका विमानाचं नाही. 1953 मध्ये अध्यक्ष आयझेनहॉवर यांचं विमान आणि एक प्रवासी विमान यांचे क्रमांक सारखे निघाले आणि आकाशात घोटाळा झाला. त्यानंतर अध्यक्ष ज्या हवाई दलाच्या विमानात असतील त्याला हे संबोधन देण्याची पद्धत पडली. म्हणजे जॉन्सन आत बसले की ‘अर्धं’ विमान नियमानं पूर्ण एअर फोर्स वन होई. 707 मधला शपथविधी देशाच्या आयुष्यातला एक भयंकर दिवस सांगतो. सत्ता रोजच्या रोज कशी फिरत होती, शुक्रवारी कुठून निघत होती आणि सोमवारी कुठे परतत होती, हे सांगायला रोजच्या वापरातलं दुय्यम विमानच लागतं. लग्नातल्या शालूवरून घरचं राहणीमान कळत नाही, ते दांडीवर वाळत घातलेल्या लुगड्यांवरून कळतं.

दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. हे विमान जॉन्सन यांच्या काळापासून इथे उभं नव्हतं. हवाई दलाची सेवा संपल्यावर ते ॲरिझोनात टूसॉनजवळच्या डेव्हिस-मॉन्थन तळावर, निवृत्त विमानांच्या प्रचंड मैदानात, पडून होतं. तिथून ते 2010 साली रँचवर आणलं आणि नव्यानं रंगवून उभं केलं. शिवाय त्या काळात अध्यक्षीय विमानं इथे येत आणि जात, कुणी ती शोभेला कायमची ठेवत नसे. मग आजचा देखावा रचलेलाच नाही का? रचलेला आहे, हे मान्य करायला हवं. पण संग्रहालयातली प्रत्येक मांडणी रचलेलीच असते. जॉन्सन यांचं जन्मघरसुद्धा पुन्हा बांधलेलं आहे. प्रश्न एवढाच की रचना खऱ्याच्या जवळ नेते की दूर. विमान नसताना, 2010 पूर्वी, ही धावपट्टी म्हणजे उन्हात तापणारा डांबराचा एक लांब पट्टा होता. त्याचं मोठेपण समजायला बाजूला मार्गदर्शक लागे. विमान आल्यावर पट्टा बोलू लागला. 6,300 फूट कशासाठी, हँगर एवढा मोठा कशासाठी, घरापासून इतक्या जवळ कशासाठी, हे दहा वर्षांच्या मुलालाही कुणी न सांगता कळतं. डेटनच्या दालनात हेच विमान ठेवलं असतं तर ते बाकीच्या अध्यक्षीय विमानांच्या रांगेतलं आणखी एक छोटं विमान ठरलं असतं, आणि येणारी माणसं त्याला ओलांडून मोठ्या 707 कडे गेली असती. एल्व्हिस प्रेस्लीचं जेटस्टार मेम्फिसला त्याच्या ग्रेसलँड या घराजवळच मांडलेलं आहे. तिथेही ते विमान त्या माणसाच्या जगण्याची रीत सांगतं, आणि ते जमतं फक्त घराच्या सान्निध्यात.

विमानाच्या जतनाची चिंता मात्र मला मनापासून पटते. टेक्सासचा उन्हाळा, गारपीट आणि रात्रीचं दव यांत ॲल्युमिनियमचे सांधे झिजतात, रंग उडतो, रबर आणि काच तडकतात. उघड्यावरचं विमान दर काही वर्षांनी नव्यानं रंगवावं लागतं, आणि प्रत्येक वेळी मूळ पदार्थाचा काही अंश कायमचा जातो. आयझेनहॉवर यांचं कोलंबाइन-दोन हे विमान वर्षानुवर्षं ॲरिझोनाच्या वाळवंटात दुर्लक्षित उभं होतं, आणि 2016 साली ते मोठ्या खटपटीनं डागडुजीसाठी व्हर्जिनियाला उडवत नेलं गेलं. रँचकडे पैसा अमर्याद नाही. इमारतीच्या सांगाड्यात दोष आढळल्यामुळे 2018 साली जॉन्सन यांचं दगडी घरच आतून दाखवणं थांबवावं लागलं. मग विमानाची निगा कोण राखणार, असं कुणी विचारलं तर तो प्रश्न उडवून लावता येणार नाही. पण त्यावरचा उपाय विमान हलवणं नाही. 60 फुटी विमानावर शेड घालणं हे 153 फुटी विमानासाठी दालन बांधण्याच्या मानानं फारच किरकोळ काम आहे. रेगन यांच्या ग्रंथालयानं कॅलिफोर्नियात 27000 क्रमांकाच्या 707 साठी काचेचं प्रचंड दालन उभारलं, आणि 2005 पासून ते तिथे आहे. इथे चार खांबांवरचं, चारही बाजू मोकळ्या असलेलं छप्पर पुरेल. ऊन आणि गारा अडतील आणि धावपट्टी, हँगर व घर यांच्याशी असलेलं विमानाचं नजरेचं नातं तुटणार नाही.

उरतो सर्वांत जुना आक्षेप. विमान म्हणजे अध्यक्षाचं वैभव, ते दाखवणं म्हणजे त्याची आरती, आणि व्हिएतनामचं रक्त हाताला लागलेल्या माणसाची आरती कशाला? हा राग मला कळतो. पण आरती करायची असती तर विमान लागलं नसतं. त्यासाठी शाळा, गुरं आणि ओक पुरेसे होते, कारण त्यांच्यासमोर उभं राहून कुणालाही कसला जाब विचारावासा वाटत नाही. विमान खर्चाचे, सत्तेचे आणि अंतराचे प्रश्न विचारायला भाग पाडतं. 1972 च्या अखेरीस रँच देशाला देताना जॉन्सन दांपत्यानं अट घातली होती की, ते चालतं रँच म्हणूनच राहावं. म्हणून आजही तिथे त्यांच्याच कळपाच्या वंशातली हेरफर्ड गुरं पोसली जातात. पुढच्याच महिन्यात, 22 जानेवारी 1973 रोजी, जॉन्सन यांचा तिथेच मृत्यू झाला. चालत्या रँचची अट फक्त गुरांपुरती मानली तर ती अपुरी पाळली जाईल. त्या काळात तिथे गुरांबरोबर देशही चालत होता, आणि त्या कामाचं टिकून राहिलेलं सर्वांत मोठं अवजार म्हणजे हे विमान. म्हणून छपरासोबत आणखी एक मागणी करावीशी वाटते. विमानाशेजारच्या माहितीत इंजिनांची संख्या आणि वेग यांच्या जोडीला तीन नोंदी ठळकपणे असाव्यात: 1961 च्या धुक्यात गेलेले दोन वैमानिक, डिसेंबर 1965 ची व्हिएतनामवरची बैठक, आणि 1966 मध्ये अडवून धरलेला गहू. हवाई दलाच्या संग्रहालयात अशा नोंदींना जागा मिळणं कठीण, कारण तिथे विषय विमानांचा असतो. रँचवर विषय माणसाचा आणि त्याच्या राज्याचा आहे, तेव्हा जागा आहे, आणि ती भरण्याचं काम उद्यान सेवेचं आहे.